हुर्यो

चार ऑगस्ट २०२३, शुक्रवारची संध्याकाळ. फिलाडेल्फियाच्या सिटिझन्स बँक पार्क या बेसबॉलच्या मैदानात वरच्या मजल्यावर, तिसऱ्या बेसच्या बाजूला मी बसले होते. मांडीवर क्रॅब फ्राइजचा गरम कागदी पेला, वरचा मसाला बोटांना लागून नखांच्या कडा केशरी झालेल्या. लाउडस्पीकरवर इथल्या फिलीज संघाच्या ट्रे टर्नरचं नाव पुकारलं गेलं आणि खालच्या रांगांमधून माणसं उठायला लागली. आधी इथं दहा, तिथं वीस, मग एकदम सगळा उतारच उभा राहिला. टाळ्यांचा आवाज खालून वर चढत आला आणि माझ्या खुर्चीच्या प्लास्टिकमध्ये भिणभिणायला लागला. माझ्या पुढ्यात पाठीच पाठी, लाल शर्टांची भिंत. डावीकडचा माणूस उठला, उजवीकडची बाई हातातला पेला पायाशी ठेवून उठली. मी बसून राहिले.

मसाल्याचे हात, मांडीवरचा पेला, उठलं तर सांडेल, ही सगळी कारणं त्या वेळी मनात येऊन गेली. पण ती खरी नव्हती. मैदान मला दिसतच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ज्या माणसासाठी हे सगळे उभे राहिले होते, त्याच माणसावर बरोबर दहा दिवसांपूर्वी, याच मैदानावर, मी घसा फाटेपर्यंत हुर्यो उडवली होती.

नंतर त्या रात्री तो प्रत्येक वेळी बॅट घेऊन आला तेव्हा लोक पुन्हा उठले, आणि मग मीही उठले. टाळ्या वाजवल्या. पण ती पहिली वेळ राहून गेली ती गेलीच.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताचे नमुने येतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरतात, मशीनवर चढतात, आकडे बाहेर पडतात. मुंबईहून इथं आले तेव्हा पहिली दोन वर्षं रात्रपाळी होती आणि रात्रपाळीला लॅबच्या कोपऱ्यात एक जुना रेडिओ चालू असे. त्यावर स्कॉट फ्रँझकी आणि लॅरी अँडरसन या दोघांचं बोलणं ऐकत ऐकत मी बेसबॉल शिकले. आधी खेळ कळला नाही, आवाज कळला. दोन माणसं ओट्यावर बसल्यासारखी बोलताहेत, मध्येच गप्प बसताहेत, आणि त्या गप्प बसण्यात मागच्या गर्दीची गुणगुण ऐकू येते आहे. दुपारच्या कसोटी सामन्याची रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत मोठी झालेल्या मुलीला याहून ओळखीचं काय असणार! घाई नसलेला खेळ. बराच वेळ काही घडत नाही आणि मग जे घडतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आमच्या लॅबचे सुपरवायझर साऊथ फिलीत जन्मले, तिथंच वाढले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. रोज जेवणाच्या सुट्टीत ते बारकोडच्या लेबलांचा रिकामा कागद उलटा करतात आणि त्यावर पेन्सिलीने नऊ नावं लिहितात. त्या दिवशी त्यांच्या मते फिलीजची बॅटिंग ऑर्डर काय असायला हवी, ती यादी. संघाची खरी यादी दुपारी जाहीर होते. ती आली की दोन्ही याद्या फ्रिजच्या दारावर शेजारी शेजारी लागतात आणि मग भांडण सुरू. वॉर्डात रक्त काढायला जाणारी आमची एक सहकारी त्यांची कट्टर विरोधक. ती सँडविच चावता चावता त्यांची नावं खोडून खालीवर करते. ते पुन्हा लिहितात. त्या कागदाला एवढी खाडाखोड होते की दिवसाच्या शेवटी कोण कितवा हे फक्त त्या दोघांनाच वाचता येतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात भांडायला दोन विषय होते. पहिला काइल श्वार्बर. हा दणकट, डावखुरा गडी पहिल्या क्रमांकावर यायचा, आणि त्याची सरासरी पाहावी तर दोनशेच्याही खाली. म्हणजे हजारात दोनशे वेळाही हिट नाही, फटका मारून बेस, म्हणजे धावेचा निदान पहिला टप्पा, गाठणं नाही. पहिल्या नंबरवर चपळ, नेमका, हमखास बेसवर पोचणारा माणूस असावा ही इथली जुनी समजूत. आपल्याकडे सलामीला नवा चेंडू खेळून काढणारा हवा म्हणतात, तशीच. सुपरवायझर त्याच समजुतीत वाढलेले, त्यामुळे रोज ते श्वार्बरला पाचव्या नंबरवर लिहायचे आणि रोज संघाचे मॅनेजर रॉब थॉमसन त्याला पहिलाच पाठवायचे. आमची सहकारी म्हणायची, तो हिट मारत नाही पण चार वाईट चेंडू सोडून फुकटचा बेस किती वेळा घेतो ते मोजा, आणि लागला तर बाहेरच जातो ते मोजा. मोसम संपला तेव्हा त्याची सरासरी होती .१९७, होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेले फटके, ४७ आणि फुकटचे बेस १२६. दोघांनाही आपणच बरोबर होतो असं अजून वाटतं. मला विचाराल तर सहकारीचं खरं होतं. ऑर्डरमध्ये एक जागा वर असणं म्हणजे मोसमभरात साधारण पंधरा-वीस जादा संधी, एवढाच त्याचा हिशेब. जो बेसवर पोचतो त्याला त्या द्याव्यात. पण हे मी सुपरवायझरना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचा पाचवा नंबर त्यांच्या वडिलांकडून आलेला होता.

दुसरा विषय टर्नर, आणि तिथं वाद कमी आणि चिडचिड जास्त. अकरा वर्षांचा करार, तीस कोटी डॉलर. मार्चमध्ये देशोदेशींच्या संघांच्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये व्हेनेझुएलाविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना त्याने होम रन मारला तेव्हा इथं लोक घरातल्या घरात नाचले होते; आपला माणूस, आता सहा महिने हेच बघायचं! आणि मग एप्रिल गेला, मे गेला, जून गेला, आणि ते काही दिसेना. बाहेर जाणारा स्लायडर, जमिनीच्या दिशेने मरत जाणारा, त्याच्यामागे तो बॅट फेकायचा. थॉमसननी त्याला वरून उचलून खाली नेलं, पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली. सुपरवायझरांच्या कागदावर त्याचं नाव घसरत घसरत आठव्यापर्यंत आलं. एक दिवस त्यांनी ते लिहिलंच नाही. आठच नावं लिहून पेन्सिल खाली ठेवली आणि डबा उघडून बसले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका ओळखीच्या कुटुंबाने मला त्यांचं जादा तिकीट दिलं. खालची सीट, पहिल्या बेसच्या अंगाला, जाळीच्या मागे. एवढ्या जवळून मी बेसबॉल कधी पाहिला नव्हता. रेडिओवर आणि वरच्या मजल्यावरून खेळ आखीव दिसतो. खालून तो भीतीदायक आहे. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची जागा फलंदाजापुढच्या प्लेटपासून साठ फूट सहा इंच. आपल्या बावीस यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फुटांनी कमी, आणि चेंडू टप्पा न पडता थेट येतो. सुटल्यापासून पोचेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. त्या सीटवरून चेंडू दिसत नव्हता, कॅचरच्या हातमोज्यातला आवाज तेवढा यायचा, ओल्या चादरीचा पिळा दगडावर आपटावा तसा.

टर्नर आपली पाळी येण्याआधी बाजूच्या वर्तुळात उभा होता. मी त्याच्याकडेच बघत होते. बॅटच्या दांड्यावर तो पुन्हा पुन्हा बोटं बसवत होता. बसवायची, उचलायची, परत बसवायची. आई पोळ्या लाटताना लाटण्यावर हात असा बसवायची, पण ती एकदाच. याची बोटं ठरतच नव्हती. मग तो गेला. दोन चेंडू सोडले, एक रेषेबाहेर तडकावला, आणि मग तो स्लायडर. बॅट फिरली, चेंडूचा आणि तिचा संबंधच आला नाही. परत येताना त्याची मान खाली नव्हती. तो समोर बघत चालत होता, पण डोळे कशावरही नव्हते. आणि त्याच क्षणी भोवतालची सगळी जाळी थरथरली, हजारो घशांतून एकच लांब खर्जातला आवाज निघाला, आणि त्यात माझा आवाज होता. मी ठरवून काढलेला नव्हता. तो निघाला. तीस-चाळीस फुटांवर होता तो. मला त्याच्या गालावरचा घाम दिसत होता, आणि मी ओरडत होते.

क्रिकेटमध्ये बाद झालेला माणूस निघून जातो. पॅड सोडतो, टॉवेल डोक्यावर घेतो, जाळीच्या खुर्चीत बसतो, निदान त्या दिवसापुरता लोकांच्या नजरेतून सुटतो. इथं तसं नाही. नऊ जणांचं चक्र फिरतं आणि पाऊण-एक तासाने तोच माणूस पुन्हा तिथंच उभा. एका रात्रीत चार वेळा, कधी पाच. दर वेळी मैदानावरच्या भल्यामोठ्या पाटीवर त्याचा फोटो, त्याखाली सरासरी, त्याखाली आज काय काय केलं त्याची नोंद. मोसमात सामने १६२. अपयशाचा असा हप्ता बांधलेला खेळ दुसरा मी पाहिलेला नाही. उत्तमातला उत्तम खेळाडू दहापैकी सात वेळा फसतो हे इथं पोरासोरांना माहीत असतं. तरी सातव्या वेळी आपण ओरडतोच.

या गावाची तर ती ख्यातीच. सुपरवायझर याबद्दल ओशाळून बोलत नाहीत आणि फुशारकीनेही नाही. घरातल्या तापट माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. माइक श्मिट हा फिलीजचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू. ५४८ होम रन. १९८० ला संघाने पहिली वर्ल्ड सीरिज, म्हणजे इथलं अजिंक्यपद, जिंकली त्याचा नायक. त्याच्यावरही या लोकांनी वर्षानुवर्षं हुर्यो उडवली. १९८५ मध्ये वैतागून त्याने मुलाखतीत इथल्या प्रेक्षकांना नको नको ते म्हटलं. सगळं शहर दबा धरून बसलं. आणि तो मैदानात आला तो डोक्यावर लांब केसांचा टोप आणि डोळ्यांवर काळा चष्मा घालून. लोक हसले, आणि टाळ्या पडल्या. सुपरवायझर त्या दिवशी तिथं होते. तो टोप आठवला की त्यांचा आवाज अजून बदलतो. २०२२ च्या एप्रिलमधलं तर आम्हा सगळ्यांनाच आठवतं. अ‍ॅलेक बोम, कोवळा पोरगा, एका सामन्यात तीनदा चेंडू चुकीचा फेकला. मग एक साधा झेलफेक नीट केला तेव्हा लोकांनी खिजवून जल्लोष केला आणि कॅमेऱ्याने त्याचे ओठ पकडले: या जागेचा मला तिटकारा आहे. सामन्यानंतर त्याने लपवाछपवी केली नाही. हो, म्हणालो, पण तसं मला वाटत नाही, असं सांगून मोकळा झाला. पुढच्या वेळी तो बॅट घेऊन आला तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं होतं.

म्हणजे चार ऑगस्टचं ते उभं राहणं काही आभाळातून पडलं नव्हतं. दोनच दिवस आधी मायामीत अकराव्या इनिंगमध्ये टर्नरच्या हातून चेंडू निसटला होता, फलंदाजीत हाताला काहीच लागलं नव्हतं, फिलीज बाराव्यात हरले होते, आणि सामन्यानंतर त्याने हार स्वतःच्या अंगावर घेतली होती. सरासरी .२३५ वर आलेली. गावच्या क्रीडा रेडिओवरून कल्पना निघाली, शुक्रवारी तो घरच्या मैदानावर येईल तेव्हा सगळ्यांनी उभं राहायचं. दुपारी लॅबमध्ये यावर वाद झाला. सहकारी म्हणाली, मी असते तर पहिली उठले असते. सुपरवायझर म्हणाले, ठरवून वाजवलेली टाळी ती टाळी नव्हे. तिकीट माझ्याकडे होतं. मी काहीच बोलले नाही. मेट्रोच्या ऑरेंज लाइनने शेवटच्या स्टेशनापर्यंत जाताना डबाभर लाल शर्ट होते आणि सगळे त्याबद्दलच बोलत होते. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि मनात सारखं वानखेडे येत होतं.

मार्च २००६. इंग्लंडविरुद्धची तिसरी कसोटी. मी वीस वर्षांची. दुसरा दिवस, रविवार. मोठा भाऊ, त्याचे तीन मित्र आणि मी, डोंबिवलीहून पहाटेची गाडी धरून निघालेलो. जुनं वानखेडे ते, विश्वचषकासाठी नवं बांधायच्या आधीचं. सिमेंटच्या पायऱ्या, पाठीला टेकू नाही, सूर्य थेट मांडीवर. आईने दिलेल्या बटाट्याच्या भाजीच्या पोळ्या दहा वाजताच संपलेल्या. आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो एकच. तीनच महिन्यांपूर्वी दिल्लीत त्याने पस्तिसावं कसोटी शतक करून गावसकरांचा विक्रम मोडला होता. मुंबईचा पोरगा मुंबईत खेळणार, आणि आपण बघणार.

तो आला तेव्हा आम्ही सगळे उभे होतो. पण मग धावाच होईनात. एक. एकावरच. चेंडूमागून चेंडू तो नुसता थोपवत राहिला. पायऱ्यांवरची कुजबुज हळूहळू दाट होत गेली. अँडरसनच्या चेंडूवर यष्टीमागे झेल गेला. एकवीस चेंडू, एक धाव. तो वळला, चालू लागला, आणि कुठूनतरी ते सुरू झालं. सुरुवात कोणी केली मला माहीत नाही. भावाने तोंडाजवळ हाताचे पंजे धरले होते एवढं दिसलं आणि मग मीही धरले. सचिनवर. वानखेडेवर. तो वर न बघता पायऱ्या चढून आत गेला. त्याचा खांदा त्या वेळी दुखत होता; त्याच महिन्यात लंडनला जाऊन त्याला खांद्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून ओरडलो, असंही नाही. आम्ही ओरडलो कारण तो आमचा होता, आणि आमचा असून त्याने आम्हाला दिवसभराच्या उन्हाचं काही दिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा आरामखुर्चीत, टीव्ही बंद. बाबांचं सचिनवर प्रेम होतं म्हणणं कमी पडेल. बँकेतून आल्यावर चपला काढायच्या आत ते स्कोअर विचारत. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "टीव्हीवर सगळं ऐकू येत होतं." भाऊ सरळ मोरीत गेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नव्हतीस ना गं त्यात?"

"नाही," मी म्हणाले.

ते बरं म्हणाले. रात्री जेवणाच्या ताटाशेजारी ज्येष्ठमधाची कांडी ठेवलेली होती. गाडीतल्या धुळीने घसा धरला असेल म्हणून आईने ठेवली, असं मी धरून चालले. चघळली आणि झोपले.

म्हणून मी फिलाडेल्फियात बसून राहिले. ठरवून वाजवलेली टाळी खोटी, या सुपरवायझरांच्या मताशी मी सहमत नव्हते. ठरवून का होईना, चांगली गोष्ट चांगलीच. पण दहा दिवसांपूर्वी त्याच घशातून जे निघालं त्याचं काय? मध्ये कुठेतरी काहीतरी म्हणायला हवं होतं, निदान स्वतःशी, आणि ते न म्हणता एकदम उभं राहून टाळी वाजवायची म्हणजे पुन्हा गर्दीच्या लाटेवर वाहून जाणं. तेव्हाही लाट, आताही लाट. मला वाटलं, निदान या वेळी माझं मी ठरवेन. आणि ठरवेपर्यंत तो क्षण गेला. आता वाटतं, उठायला हवं होतं. त्या माणसाला माझ्या मनातला हिशेब कुठे दिसणार होता? त्याला फक्त एक रिकामी न झालेली खुर्ची दिसली असती, आणि तीही पुढच्या पाठींमुळे दिसली नाही.

त्या रात्री त्याला एक हिट मिळाली आणि फिलीज हरलेच. दुसऱ्या रात्री त्याने तीन धावांचा होम रन मारला. मी तो लॅबमध्ये रेडिओवर ऐकला, जादा पाळीला. बॅटचा आवाज आला, फ्रँझकींचा आवाज चढत गेला, आणि मागच्या गर्दीचा जो काही आवाज झाला तो ऐकून मी नमुन्यांचा ट्रे टेबलावर ठेवून दिला आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिले. त्यानंतर मोसम संपेपर्यंत तो .३३७ ने खेळला. त्या शुक्रवारपर्यंत चार महिन्यांत दहा होम रन, आणि नंतरच्या दोन महिन्यांत सोळा. हायवेच्या कडेच्या मोठ्या डिजिटल पाट्यांवर त्याने स्वतःच्या खर्चाने शहराचे आभार मानले. कामावर जाताना गाड्यांच्या रांगेत अडकले असताना ती पाटी मला दिसली. आभार. मला त्या पाटीकडे नीट बघवलं नाही.

टाळ्यांनी तो बरा झाला का? लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे पटायला जड जातं. एकच नमुना, तुलनेला दुसरा नाही. एवढा चांगला खेळाडू केव्हातरी मूळपदावर येणारच होता. तो रोज सरावाच्या पिंजऱ्यात जास्तीचे चेंडू मारत होता, ती मेहनत फळाला यायची वेळही तीच असू शकेल. सुपरवायझर हेच म्हणतात. पण चार ऑगस्टला रात्री परत येताना गाडीत माझ्या समोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. सामना हरलेला असूनही बाई नवऱ्याला म्हणत होती, त्याने श्वास घेतला, पाहिलंस का, तो खांदे खाली सोडून श्वास घेत होता. मी पाहिलं नव्हतं, कारण मी बसले होते. पण जाळीमागून पाहिलेली ती न ठरणारी बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मला त्या बाईचं म्हणणं खरं वाटलं.

ऑक्टोबरने मात्र काहीच सोपं ठेवलं नाही. वर्ल्ड सीरिजच्या आधीची, अ‍ॅरिझोनाविरुद्धची मालिका सात सामन्यांवर गेली. निक कास्टेयानोस, जो आधीच्या फेरीत होम रनवर होम रन मारत होता, तो या मालिकेत चोवीस वेळांत एकदाच लागला, आणि तोही अगदी पहिल्या सामन्यात. पुढे नुसता अंधार. बाहेर जाणारा तोच स्लायडर. रोज दुपारी यादी यायची आणि रोज त्याचं नाव असायचं. सुपरवायझर रोज ते खोडायचे. थॉमसन बदलत नव्हते. मला त्यांचा हट्ट कळत होता: ज्याच्यावर सहा महिने विश्वास टाकला त्याला सातव्या महिन्यात बाकावर बसवायचं म्हणजे बाकीच्या आठांना काय सांगायचं? आणि हरण्याची भीतीही मला कळत होती. त्या आठवड्यात मी रोज दोन्ही बाजूंनी होते.

सातवा सामना २४ ऑक्टोबरला, नेमका दसऱ्याला. सकाळी मी झेंडूची दोन फुलं सेंट्रिफ्यूजवर वाहिली, सुट्टी नसलेल्या माणसाचा दसरा. सहकारीने विचारलं, हे कशासाठी, तर म्हटलं, आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा करतात. तिने एक फूल उचलून फ्रिजवरच्या यादीला चुंबकाखाली खोचलं. रात्री फिलीज हरले. टर्नर, संघाचा बडा फलंदाज ब्राइस हार्पर, कास्टेयानोस, तिघांना मिळून एकही हिट नाही. शेवटी शेवटी मैदानात हुर्यो नव्हती की टाळी नव्हती. रेडिओवर मागची गर्दी ऐकू येते तिथं त्या रात्री काहीच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आले, यादी उतरवली, सुकलेलं फूल कचऱ्यात न टाकता खिडकीत ठेवलं आणि कामाला लागले.

आठवड्याने बाबांचा फोन आला. इकडे सकाळ, तिकडे रात्र होत आलेली. वानखेडेवर सचिनचा पुतळा बसला होता, त्याचं त्यांना सांगायचं होतं. नगरच्या प्रमोद कांबळ्यांनी केलाय, फटका मारतानाचा, बॅट वर, नजर वर, अगदी तसाच दिसतो, असं टीव्हीवर पाहून त्यांनी मला दोनदा सांगितलं. गुडघ्यांमुळे आता त्यांना मुंबईला जाणं होत नाही. मी आले की आपण गाडी करून जाऊ, म्हणाले. मी हो म्हटलं. आणि मग, पुतळ्याबद्दलच बोलत होतो म्हणून असेल, किंवा ते ऑगस्टपासून घशाशीच होतं म्हणून, मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मीही होते त्यात. सचिनवर ओरडणाऱ्यांत."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "घसा बसला होता तुझा. ज्येष्ठमध मीच ठेवलं होतं."

मला काही बोलता येईना. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "तुझा तो टर्नर. पुढच्या वर्षी कितव्या नंबरवर खेळणार तो?"

"दुसऱ्या," मी म्हणाले. "दुसऱ्याच नंबरवर हवा."

"आणि तो दांडपट्टा? दोनशेच्या खालचा?"

"तो पहिलाच, बाबा."

"पहिला कसा काय?" ते म्हणाले, आणि फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतल्याचं मला ऐकू आलं.